रुक्मिणी घाडी, वय वर्षे चौऱ्याऐंशी

अर्ज लिहिण्यात माझा हात धरील असा माणूस मुलुंडच्या गव्हाणपाड्यात नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या बिल्डिंगीतले लोक म्हणतात. निदान शहाऐंशी सालच्या जूनपर्यंत म्हणत होते. नळाला पाणी येत नाही, जिन्यातला दिवा गेला, पोराची मार्कशीट हरवली, काहीही झालं की लोक कोरा कागद घेऊन माझ्या दाराशी हजर. 'वरील विषयास अनुसरून' हे शब्द लिहिताना माझं पेन आजवर एकदाही अडलेलं नाही. एका औषध कंपनीच्या डिस्पॅच खात्यात सव्वीस वर्षं काढली की माणसाला कागदाची नजर येतेच. म्हणून पुतणीचं नाव आमच्या रेशनकार्डावर चढवायची वेळ आली तेव्हा मी बायकोला म्हटलं, "रत्ना, चार दिवसांचं काम आहे."

रत्नप्रभा म्हणाली, "मग महिन्याची रजा टाका."

तिला माझ्याबद्दल आदर आहे, पण तो ती सणासुदीलाच बाहेर काढते.

पुतणी म्हणजे रुक्मिणी. माझा थोरला भाऊ रघुनाथ, आमचा दादा, पंचावन्न साली नैरोबीला गेला आणि तिथलाच झाला. त्याची ही धाकटी मुलगी, वय एकोणीस. पासपोर्ट भारतीय, पण भारत पहिल्यांदाच बघत होती. फेब्रुवारीत एका लग्नाला म्हणून सगळ्यांबरोबर आली, आणि लग्न उरकून सगळे परत गेले तरी ही गेली नाही. दादाचं पत्र आलं : 'दशरथा, पोर हट्टाला पेटली आहे. ऑगस्टअखेर स्वतःच्या पायावर उभी राहिली तर राहू दे. नाही तर विमानात बसवून दे. इकडे एक स्थळ थांबलं आहे. मोंबासाला त्यांची दोन दुकानं आहेत.' दादानं मला शिकवलं, नोकरीला लागेपर्यंत पोसलं. त्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता. मोडायची कधी छातीच झाली नाही म्हणा हवं तर.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. तिला की आम्हाला, हे सांगता यायचं नाही. ती जी मालवणी बोलायची ती माझ्या आईच्या काळातली, आता गावातसुद्धा कोणी बोलत नाही. मिठागर रोडच्या कडेला अर्धा अर्धा तास उभी राहायची. "काकानूं, हयसून पलीकडे जावचा कसा?" मी म्हणायचो, "जायचं. गाडीवाले बघून घेतात." रॉकेलवाल्याला तिनं 'थँक्यू' म्हटलं. त्यानंतर तो आमच्याच गॅलरीखाली गाडी लावायला लागला, आणि वरच्या मजल्यावरच्या बायका रांगेसाठी खाली आमच्या दारात येऊन उभ्या राहू लागल्या.

एकदा मी तिला सरळ विचारलं, "तिकडे बंगला, गाडी, नोकरमाणसं. इथे दोन खोल्या आणि पाण्याची बोंब. कशाला राहायचंय तुला?"

एव्हाना ती आमच्यासारखी मराठी बोलू लागली होती. ती म्हणाली, "काका, तिथे मी एकोणीस वर्षांत एकटीनं कधी बटाटेसुद्धा आणले नाहीत. ड्रायव्हर सोबत, नाही तर भाऊ सोबत. काल इथे आणले. तीन सडके निघाले. पण मी आणले."

ते तीन बटाटे रत्नानं टाकले नव्हते. सडकं तेवढं कापून उरलेल्याची भाजी केली होती. मी ती खाल्लीही होती.

मेअखेर रुक्मिणीनं पेपरातली जाहिरात बघून स्वतःच अर्ज केला. (मला न दाखवता. त्यात दोन चुका होत्या, हे मी नंतर सांगितलं.) मरोळला रेडिओचे सुटे भाग जोडण्याचा कारखाना होता, तिथे मुली हव्या होत्या. तिची परीक्षा झाली, हाताला कंप नाही म्हणून पासही झाली. पत्र आलं : अठरा ऑगस्टला रुजू व्हावे, सोबत आपले नाव असलेल्या रेशनकार्डाची खरी नक्कल आणावी. नक्कल नसेल तर निवड रद्द. म्हणजे मुलीचा मुक्काम मुलुंडात की मोंबासात, हे सगळं एका पिवळ्या पुस्तिकेवर येऊन अडलं. मी कॉलर नीट केली आणि पेनात शाई भरली.

रेशनिंग ऑफिसात खिडकी नंबर चारवर एक बाई बसायच्या. त्यांनी माझा दोन पानी अर्ज हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि टाचणी काढून परत दिला.

"आधीच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला?"

"बाई, ती नैरोबीहून आली. तिथे रेशनकार्ड नसतं."

"मग तिथे लोक खातात काय?"

मी म्हटलं, "विकत घेऊन खातात."

बाईंचा विश्वास बसला नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि खरं सांगतो, त्यांचं बोलणं माझ्या मनाला पटलं. मूल जन्मलं तर जन्माचा दाखला. सून आली तर लग्नाचा. पण एरवी वाढलेलं माणूस कार्डावर चढवायचं तर ते आधी कुठून तरी कमी झालेलं असलं पाहिजे. नाही तर देशात एक माणूस जास्त होतं आणि हिशेब जुळत नाही. सव्वीस वर्षं डिस्पॅचमध्ये मी हेच करत आलोय. जावक नसेल तर आवक कुठून येणार?

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या जिन्यात सभा भरली. तळमजल्यावरचे भाऊराव आले. हे कुर्ल्याला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर, मूळचे वाशीमकडचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पासपोर्ट आहे ना? मग तिच्या नावानं वेगळं कार्ड काढा. एक वेगळी चूल दाखवावी लागते, बस्स." एवढं बोलून ते पाणी भरायला गेले.

आता बघा. सल्ला देण्याची ही काय रीत झाली? एका वाक्यात? आणि वेगळी चूल! घाडींच्या घरात! मयत भावंडांची पोरं आम्ही एका पंगतीत वाढवली, आणि जिवंत भावाच्या पोरीला गॅलरीत वेगळी चूल मांडून देऊ? उद्या अख्खी बिल्डिंग म्हणेल, दशरथनं पुतणीला वेगळं काढलं. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं.

दाराआडून रुक्मिणी म्हणाली, "काका, भाऊराव म्हणतात ते सोपं नाही का?"

"सोपं असतं ते नेहमी बरोबर नसतं," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

मग दुसऱ्या मजल्यावरचा श्यामसुंदर बोलला. श्यामसुंदरची ओळख सगळीकडे आहे आणि काम कुठेच होत नाही, पण बोलतो असा की ऐकत राहावं. तो पाऊण तास बोलला. त्याचा सारांश असा, की रुक्मिणीचं नाव आधी आमच्या गावच्या कार्डावर चढवायचं, तिथून कमी करून घ्यायचं, आणि तो कमी केल्याचा दाखला मुलुंडला लावायचा. "एकदम झकास, कायदेशीर," तो म्हणाला. मला पटलं. मी त्याच संध्याकाळी गावी चुलतभाऊ गुणाजीला पत्र टाकलं.

इथे मला एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. गावच्या कार्डावर आमच्या आईचं नाव होतं. आई एकाहत्तर साली वारली. पण नाव कापायला कोणाचा हात धजला नाही. सुरुवातीला दुःखामुळे, पुढे साखरेमुळे. गणपतीत घरी तीस माणूस जमतं, मोदकांना साखर लागते, आणि आईची साखर आईच्याच नातवंडांच्या पोटात जाते आहे असं आम्ही मनाशी म्हणायचो. दर नव्या कार्डावर कारकून तिचं वय इमानेइतबारे वाढवून लिहायचा. त्यामुळे आई जाऊनसुद्धा म्हातारी होत होती. त्याच कार्डावर माझंही नाव होतं, मुलुंडच्या कार्डावर होतं तसंच. कोकणातला माणूस मुंबईला येतो, पण पुरता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. याचा सोक्षमोक्ष कधी लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पंधरा दिवसांत गुणाजीचं पाकीट आलं. आत आमसुलं, दाखला आणि चिठ्ठी. 'दशरथदादानूं, काम झाला. नया नाव चढवूक लय कटकट, म्हणान आयेचाच नाव कमी करून घेतलंय. नाव तोच, आडनाव तोच, गाव तोच. सरकाराक आणखी काय व्हया? दाखलो सोबत धाडतंय.'

दादानं मुलीला आईचं नाव ठेवलं होतं, हे मी विसरलो नव्हतो. गुणाजीही विसरला नव्हता, हे वाचून मला त्याचं कौतुकच वाटलं. दाखला मी उजेडात धरून बघितला. नाव रुक्मिणी घाडी. कारण : मुलुंड येथे स्थलांतर. शिक्का गोल, एकही अक्षर फिसकटलेलं नाही. असा शिक्का डिस्पॅचमध्ये मी सव्वीस वर्षांत मारू शकलो नाही. त्या शिक्क्याच्या नादात मी वयाचा रकाना वाचलाच नाही. कागदाची नजर असलेल्या माणसाचं हे असं होतं.

खिडकी नंबर चारवर मी रुक्मिणीला सोबत घेऊन गेलो. बाईंनी दाखला वाचला. पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून रुक्मिणीकडे बघितलं.

"वय वर्षे चौऱ्याऐंशी?"

तेव्हा कुठे मी तो रकाना वाचला. पण तोंड चालू होतं, ते थांबेना. "ही नव्हे. ही त्यांची नात. नाव एकच आहे."

"मग त्या कुठायत?"

"घरी. आजारी असतात."

रुक्मिणी माझ्याकडे बघत राहिली. बाईंनी शिक्क्यावर फुंकर मारली, तो आमच्या अर्जावर उमटवला आणि म्हणाल्या, "इन्स्पेक्टर बुधवारी येऊन म्हातारीला बघून जातील. इतक्या वयाचं माणूस नव्यानं चढवायचं तर खात्री करावी लागते."

घरी येऊन मी रत्नाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे पंधरा वर्षांनी सासूबाई येणार, आणि मला बुधवारचं आज सांगताय?" ती म्हणाली. "त्यांना माझ्या हातची आमटी कधी आवडली नाही."

पुन्हा श्यामसुंदर. तो म्हणाला, "यार, एवढंच ना? आमच्या सासूबाई आहेत ना, सोनूबाई. दुपारी दोन तास नेऊन ठेवा. चादर पांघरून पडून राहायचं, काय कठीण आहे?" सोनूबाईंनी अटी घातल्या : चहा दोनदा, चादर धुतलेली, आणि आजार सांगायचाच तर साधा सांगा, संसर्गाचा नको. मी सगळं मान्य केलं. रुक्मिणीला मात्र हे मान्य नव्हतं. ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. "आजी गेली तेव्हा बाबा तीन दिवस जेवले नव्हते, आई सांगते," एवढंच एकदा म्हणाली. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

बुधवारी बरोबर तीन वाजता इन्स्पेक्टर आले. सडपातळ, शांत, बगलेत फाइल. सोनूबाई पलंगावर चादरीखाली निपचित पडल्या होत्या, इतक्या निपचित की मला जरा काळजीच वाटली. रत्ना दाराला टेकून उभी होती, मजा बघायला. श्यामसुंदर धीर द्यायला म्हणून आला होता, तो खुर्चीच्या मागे उभा राहिला.

इन्स्पेक्टरांनी फाइल उघडली. "रुक्मिणीबाई घाडी. वय चौऱ्याऐंशी."

पलंगावर चादर उडाली. सोनूबाई ताडकन उठून बसल्या. "कोण म्हणतं चौऱ्याऐंशी? अडुसष्ट पुरी नाहीत अजून मला! केस तरी बघा!"

"म्हातारपणी भान राहत नाही," मी म्हणालो.

"भान तुमचं नाही!" सोनूबाई म्हणाल्या. "जावई म्हणाले फक्त पडून राहायचं. वयाचं कोणी काही बोललं नव्हतं."

श्यामसुंदरला त्याच क्षणी वर काहीतरी काम आठवलं.

मी सांगतो, त्या वेळी मला 'वरील विषयास अनुसरून' काही सुचत नव्हतं. तेवढ्यात आतून रुक्मिणी चहा घेऊन आली. कप इन्स्पेक्टरांपुढे ठेवला, एक सोनूबाईंना दिला आणि उभी राहिली. हाताला कंप नाही म्हणून तिला पास केलं होतं, ते मला तेव्हा आठवलं.

"साहेब, माझी आजी एकाहत्तर साली गेली," ती म्हणाली. मालवणी नाही, आमच्या जिन्यातली सरळ मराठी. "ह्या वरच्या मजल्यावरच्या आजी आहेत. रुक्मिणी मी. माझं नाव कुठल्याच कार्डावर नाही, म्हणून काकांनी हे सगळं केलं. चुकीचं केलं. पण माझ्यासाठी केलं."

सोनूबाई बशीतून चहा पीत होत्या.

इन्स्पेक्टरांनी विचारलं, "आधी कुठे होतीस?"

"नैरोबीला. पासपोर्ट आहे, त्यावर उतरल्याचा शिक्का आहे. सोसायटीचं पत्र आणीन. वेगळी चूल दाखवीन. पुरे?"

"पुरे," ते म्हणाले. "एवढंच लागतं. आधी कोणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," रुक्मिणी म्हणाली, आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. यालाच मी संस्कार म्हणतो.

जाताना इन्स्पेक्टर तो सुंदर शिक्क्याचा दाखला फाइलला लावून घेऊन गेले. "ह्या पंधरा वर्षांच्या साखरेचं काय ते तालुक्याला कळवावं लागेल," ते म्हणाले. आवाज अगदी सौम्य होता. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणी एकटी बाजारात गेली आणि वातींचा स्टोव्ह घेऊन आली. पिशवीत घालून नाही, तसाच, हातात, जिना चढून, सगळ्यांची दारं उघडी असताना. गॅलरीत पाट मांडून तिनं त्यावर स्टोव्ह ठेवला. अर्ध्या तासात समोरच्या जानकीबाई रत्नाचं सांत्वन करायला आल्या. "काय गं, एवढं बिनसलं? आमच्याकडे पण मोठ्या दिरानं असंच वेगळं काढलं होतं." रत्ना म्हणाली, "आमच्याकडे कोणी काढलं नाही, तीच निघाली." जानकीबाईंना हे जास्त गंभीर वाटलं आणि त्या चहाला थांबल्या.

त्या स्टोव्हवरचा पहिला भात खाली करपला आणि वर कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी उलट. तिसऱ्या दिवशी रत्ना उठून शिकवायला गेली तर म्हणाली, "काकी, तुम्ही नुसतं बघा, हात लावू नका." पोळलेलं बोट तिनं पदराआड धरलं होतं. ते तिला येईपर्यंत आम्ही आठवडाभर करपट वासात काढला. याच वासानं काम केलं, हे सांगायला हवं. इन्स्पेक्टर चूल बघायला आले ते दारातूनच हुंगून म्हणाले, "चूल वापरातली आहे," आणि आत न येता सही करून गेले.

बारा ऑगस्टला कार्ड आलं. कुटुंबप्रमुख : कु. रुक्मिणी रघुनाथ घाडी. वय : एकोणीस. अठराला ती डबा घेऊन, दोन बस बदलून मरोळला रुजू झाली. मिठागर रोड तिनं कसा ओलांडला ते मी गॅलरीतून बघत होतो. ती न थांबता गेली. गाडीवाले थांबले.

आणि त्याच आठवड्यात मला एक पत्र आलं. 'सदर इसमाचे नाव मूळ गावच्या कार्डावरही आढळून आल्याने गावचे कार्ड रद्द करण्यात येत असून मुलुंड येथील कार्डावरूनही सदर इसमाचे नाव कमी करण्यात येत आहे.' मी तीनदा वाचलं. सव्वीस वर्षं अर्ज लिहून लिहून शेवटी मी इसम झालो होतो. आमच्या कार्डावर आता रत्नप्रभा प्रमुख. तिनं ते कार्ड डाळीच्या डब्यावर उभं करून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

एरवी मी हेही गिळलं असतं. पण दोन दिवसांनी गॅस एजन्सीचं कार्ड आलं. अठ्ठ्याहत्तर साली नंबर लावलेला गॅस! आठ वर्षांनी नंबर लागला. पंधरा दिवसांत अर्जदाराचं नाव असलेलं रेशनकार्ड दाखवा, नाही तर नंबर पुढच्याला. अर्जदार दशरथ घाडी, आणि दशरथ घाडी तर कुठेच नव्हता. रत्नाच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदा गेलं. स्टोव्हचा भपका तिला सोसत नाही, तिला खोकला आहे. तिच्यासाठी मी पुन्हा खिडकी नंबर चारपुढे उभा राहिलो.

"बाई, माझं नाव पुन्हा चढवा."

"ज्या कार्डावरून कमी केलं, त्याच कार्डावर चढवायला वरून मंजुरी लागते. सहा महिने धरा."

"मेलो," मी म्हणालो.

"तसा दाखला असेल तर द्या," त्या म्हणाल्या. मग जरा मऊ झाल्या. "दुसऱ्या कोणाच्या कार्डावर चढायचं असेल तर लगेच होईल. तुमच्याकडे नाव कमी केल्याचा दाखला आहे ना? आमचाच आहे, चांगला आहे."

संध्याकाळी सहाला रुक्मिणी कामावरून आली. हात धुतले, स्टोव्हवर चहा ठेवला. मी तिच्यापुढे फॉर्म ठेवला. अर्ज लिहिण्यात माझा हात कोणी धरत नसला तरी हा अर्ज कुटुंबप्रमुखानं लिहायचा असतो, त्याला इलाज नव्हता. ती बॉलपेननं भरू लागली.

"नाव?"

"दशरथ. तुला माहीत आहे."

"फॉर्मवर विचारावं लागतं, काका. वय?"

"चोपन्न."

"कुटुंबप्रमुखाशी नातं काका. अवलंबून आहे का?"

"तो रकाना भरलाच पाहिजे का?"

"भरलाच पाहिजे."

मी गॅलरीबाहेर बघितलं. तिनं काय लिहिलं ते मी विचारलं नाही. दोन दिवसांत माझं नाव चढलं, गॅस एजन्सीला कार्डाची नक्कलही गेली. रत्ना म्हणाली, "आता रीतसर तिच्या चुलीवर जेवा." मी तसं जेवलोही, कारण त्या दिवशी रत्नानं खरोखरच माझं पान मांडलं नाही.

सगळं मार्गाला लागलं असं वाटलं, आणि पंचवीस तारखेला नैरोबीचं पाकीट आलं. आत विमानाचं तिकीट, एकोणतीस ऑगस्टचं. दादानं लिहिलं होतं : 'गुणाजीनं सगळं कळवलं. आईचं नाव तुम्ही लोकांनी पार ऑफिसातून ऑफिसात फिरवलं. आता सरकार तुझंही नाव कापणार म्हणे. पोरीला नोकरी लागली ते ठीक. पण ज्याचा स्वतःचाच ठावठिकाणा नाही, त्याच्या जबाबदारीवर मी मुलगी कशी ठेवू? तिला बसवून दे. स्थळ अजून थांबलं आहे.'

रुक्मिणीनं पत्र वाचलं. घडी घालून मला परत दिलं. रडली नाही, भांडली नाही. गॅलरीत जाऊन स्टोव्हच्या वाती कात्रीनं समान करत बसली. समान झाल्या तरी कापत राहिली. रत्ना मला म्हणाली, "लिहा आता काहीतरी. एवढे अर्ज लिहिलेत आयुष्यभर, लोकांच्या नळासाठी."

मी बसलो. दादाला नाही म्हणायचं, म्हणजे मला पोहायला न शिकता विहिरीत उडी मारायची होती. पहिल्या कागदावर 'वरील विषयास अनुसरून' लिहिलं आणि फाडला. दुसऱ्यावर सगळी हकिगत पहिल्यापासून सुरू केली, दोन पानं झाली, तोही फाडला. मग मला भाऊराव आठवले. एका वाक्यात सांगून पाणी भरायला गेले होते, आणि तेच खरं ठरलं होतं. मी तिसरा कागद घेतला.

'ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार. तिकीट परत पाठवत आहे. रुक्मिणी माझ्या जबाबदारीवर नाही. मीच तिच्या कार्डावर आहे, सोबत नक्कल जोडली आहे. कुटुंबप्रमुखाला परत धाडण्याचा अधिकार मला नाही. आईच्या नावाबद्दल माफी असावी. पण ते नाव आता मुलुंडात व्यवस्थित आहे. तुझा दशरथ.'

पुन्हा वाचून बघितलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा कागद. मी तो गॅलरीत नेऊन रुक्मिणीपुढे ठेवला. तिनं कात्री खाली ठेवली, वाचला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मी म्हटलं, "खाली सही कर."

"माझी कशाला, काका?"

"कुटुंबप्रमुखाची लागते."

तिनं पूर्ण नाव लिहून सही केली. लिहिताना तिचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू. आतून रत्नप्रभा ओरडली, "झालं का तुमच्या कुटुंबाचं? मग दोघंही आत या, मी आमटी केली आहे. सासूबाईंना नसेल आवडत, पण ह्या रुक्मिणीला आवडते."